मोटार अपघातानंतरचा पुरावा : शिरूर-दौंड परिसराच्या संदर्भात

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातून दोन मोठे मार्ग जातात. पुण्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीच्या अहमदनगरकडे) जाणारा मार्ग शिक्रापूर व रांजणगाव यांवरून घोड नदीकाठी शिरूरला पोहोचतो. सोलापूरकडे जाणारा मार्ग यवत, चौफुला, पाटस व कुरकुंभ यांच्या बाजूने दौंड तालुका ओलांडतो. या दोन मार्गांना सांधणारा न्हावरे-चौफुला रस्ता पारगावजवळ भीमेच्या पुलावरून शिरूर तालुक्यातून दौंड तालुक्यात उतरतो. रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींत पाळीवर निघालेला कामगार, किटल्या अडकवून दूध संकलन केंद्राकडे जाणारा शेतकरी, हंगामात उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि पुणे किंवा सोलापूर गाठण्याच्या घाईत असलेली मोटारगाडी ही सर्व वाहने याच रस्त्यांवरून चालतात. यांपैकी मोटारसायकल व मोटारगाडी यांच्या धडकेनंतर काय घडते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

अशी धडक दोन वाहनांची असली तरी ती दोन समान पक्षांची नसते. मोटारगाडीतील माणूस पोलादी कवचात बसलेला असतो. मोटारसायकलस्वाराचे शरीर हेच त्याचे कवच. या शारीरिक विषमतेची चर्चा नेहमी होते. तिच्यातून उद्भवणाऱ्या दुसऱ्या एका विषमतेकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. ती विषमता पुराव्याची आहे. धडकेनंतर मोटारचालक बहुधा आपल्या पायांवर उभा असतो. तो बोलू शकतो, छायाचित्रे घेऊ शकतो, आपल्या विमा कंपनीस व ओळखीच्या माणसांस कळवू शकतो. जखमी स्वारास मात्र ताबडतोब घटनास्थळावरून हलवावे लागते. म्हणजे ज्याची हानी अधिक, तोच पुरावा तयार होत असताना तेथे अनुपस्थित असतो. पुढील दोन-तीन वर्षांत न्यायाधिकरणापुढे जे काही ठरते, त्याचा पाया या पहिल्या काही तासांत घातला गेलेला असतो. अपघातोत्तर कायद्यातील अनेक तरतुदी या विषमतेवरचा उतारा म्हणून पाहिल्या, तर त्यांची संगती लागते आणि त्या कोठे अपुऱ्या पडतात हेही कळते.

कायद्याची वाटचाल

अपघातात मरण पावलेल्या व्यक्तीच्या कुटुंबीयांस नुकसानभरपाई मागण्याचा हक्क भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने दिला. परंतु तो बजावण्यासाठी नेहमीचा दिवाणी दावा लावावा लागे, आणि तो खर्च सामान्य कुटुंबास परवडणारा नव्हता. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमाने त्रयस्थ पक्षाच्या विम्याची सक्ती केली. ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. १९५६ च्या दुरुस्तीने अशा दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. कार्यपद्धती सोपी झाली, तरी पायाभूत प्रश्न शिल्लक राहिला : मोटारचालकाची हयगय सिद्ध करण्याचा भार कोणावर? मिनू मेहता विरुद्ध बाळकृष्ण नयन या मुंबईच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्णय दिला की, हयगय सिद्ध झाल्यावाचून भरपाईचे दायित्व उत्पन्न होत नाही. हयगय सिद्ध करावयाची ती जखमीने किंवा मृताच्या वारसांनी, म्हणजे पुराव्याच्या दृष्टीने दुबळ्या पक्षाने. १९८२ साली विधिमंडळाने यास अंशतः उत्तर दिले. दोष सिद्ध न करताही मृत्यूबद्दल १५,००० रुपये व कायम अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची तरतूद कायद्यात आली.

सध्याचा मोटार वाहन अधिनियम १९८८ चा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातील विमा व भरपाई यांविषयीची प्रकरणे बदलली आणि हे बदल १ एप्रिल २०२२ पासून अमलात आले. आता कलम १६४ अन्वये दोष सिद्ध न करता मृत्यूबद्दल पाच लाख व जबर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. हाड मोडणे हे जबर दुखापतीतच गणले जाते. याहून अधिक, म्हणजे झालेल्या हानीच्या मानाने पूर्ण भरपाई हवी असेल तर कलम १६६ चा अर्ज करावा लागतो, आणि तेथे हयगय दाखविण्याची गरज आजही आहे.

तीन निराळे व्यवहार

एकाच धडकेतून तीन निराळे व्यवहार सुरू होतात आणि लोकव्यवहारात त्यांची नित्य गल्लत होते. पहिला फौजदारी. १ जुलै २०२४ नंतरच्या घटनांस भारतीय न्याय संहिता लागू आहे. बेदरकारपणे वाहन हाकण्याबद्दल कलम २८१, दुखापतीबद्दल कलम १२५ आणि मृत्यूबद्दल कलम १०६ यांखाली गुन्हा नोंदला जातो. येथे फिर्यादी पक्ष सरकार असते आणि आरोप संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. दुसरा व्यवहार न्यायाधिकरणापुढील भरपाईचा. तेथे संभवनीयतेचे पारडे कोणत्या बाजूस झुकते एवढेच पाहावयाचे असते. हा फरक सर्वोच्च न्यायालयाने बिमला देवी प्रकरणात (२००९) आणि मोटारसायकल व जीप यांच्या धडकेतून उद्भवलेल्या मंगला राम प्रकरणात (२०१८) स्पष्ट केला आहे. फौजदारी खटल्यात चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप फेटाळला जात नाही, हे तर १९८० च्या एन. के. व्ही. ब्रदर्स प्रकरणापासून प्रस्थापित आहे. तिसरा व्यवहार ज्याच्या त्याच्या विमा कंपनीशी, स्वतःच्या वाहनाच्या दुरुस्तीपुरता.

ही तिन्ही प्रकरणे वेगळी असली तरी त्यांचे मूळ कागद एकच असतात : फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, रुग्णालयातील नोंद आणि मोटार वाहन निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवाल. गावकीच्या मध्यस्थीने रस्त्यातच काही हजार रुपयांवर तडजोड होते, तेव्हा यांपैकी एकही कागद जन्मास येत नाही. त्या वेळी साधा मुका मार वाटलेली दुखापत पुढे गुडघ्याच्या किंवा मणक्याच्या कायम व्याधीचे रूप घेते, आणि तेव्हा ती त्याच धडकेत झाली हे दाखविण्यास काहीच हाती राहत नाही.

पहिला दिवस

कलम १३४ ने चालकावर तीन कर्तव्ये घातली आहेत. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देणे हे पहिले; जमावाच्या प्रक्षोभामुळे किंवा आपल्या आवाक्याबाहेरील अन्य कारणाने ते शक्य नसेल एवढाच त्यास अपवाद. पोलिसांस माहिती देणे हे दुसरे. घटनास्थळी पोलीस नसतील तर शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात वर्दी द्यावी लागते. विमा कंपनीस लेखी कळविणे हे तिसरे. जखमीस उचलून नेणाऱ्या त्रयस्थावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेत २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांस २०१९ मध्ये कलम १३४-अ ने वैधानिक रूप दिले.

वैद्यकीय मदतीच्या दृष्टीने दोन गोष्टी नोंदवावयास हव्यात. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. शिवाय ५ मे २०२५ रोजी केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या योजनेनुसार कोणत्याही रस्त्यावरील मोटार अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत रोख रक्कम न भरता नियुक्त रुग्णालयात उपचार मिळण्याची सोय झाली आहे. पुराव्याच्या दृष्टीने रुग्णालयातील पहिली नोंद अतिशय मोलाची. जखमीस प्रथम शिरूर किंवा दौंड येथील शासकीय रुग्णालयात नेले आणि तेथून पुण्यास ससून रुग्णालयात किंवा खासगी रुग्णालयात हलविले, तर कागदांची साखळी दोन-तीन ठिकाणी विखुरते. पहिल्याच नोंदीत ‘मोटारसायकलवरून पडून’ असे लिहिले गेले आणि मोटारगाडीच्या धडकेचा उल्लेख राहिला, तर ते एक वाक्य विमा कंपनीच्या वकिलास पुढे फार उपयोगी पडते. बहुधा ती नोंद सांगणारा जखमी स्वतः नसून त्यास घेऊन आलेला, धडक न पाहिलेला कोणी नातलग असतो.

हद्दीचा प्रश्नही या परिसरात वारंवार उद्भवण्यासारखा आहे. भीमेच्या उत्तरेस एका ठाण्याची हद्द, दक्षिणेस दुसऱ्या ठाण्याची. जखमी पुण्यात, नातलग न्हावऱ्यास. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने दखलपात्र गुन्ह्याची खबर घटना कोणत्याही हद्दीत घडली असली तरी कोणत्याही ठाण्यात देता येते, असे स्पष्ट केले आहे. तसेच फिर्याद देण्यास झालेला विलंब हेच दावा फेटाळण्याचे कारण होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रवी विरुद्ध बद्रीनारायण या प्रकरणात (२०११) म्हटले आहे. कारण जखमीचे कुटुंब प्रथम त्याचे प्राण वाचविण्यामागे असते. तथापि विलंबाची क्षमा निराळी आणि विलंबाने होणारी पुराव्याची हानी निराळी. टायरचे घासलेले पट्टे, विखुरलेल्या काचा, वाहनांची मूळ जागा यांस कोणतेही न्यायालय पुन्हा जन्म देऊ शकत नाही. रस्त्याची रुंदी, मध्यरेषेपासूनचे अंतर, वाहनांची तोंडे कोणत्या दिशेस होती आणि कोणते भाग चेपले होते, एवढे मोजून लिहिलेला पंचनामा अनुपस्थित स्वाराच्या वतीने बोलतो. ‘वाहनांचे नुकसान झालेले दिसते’ असा मोघम पंचनामा कोणाच्याच वतीने बोलत नाही.

दोषाची वाटणी

मोटारसायकलस्वाराविरुद्ध सर्वाधिक घेतला जाणारा बचाव म्हणजे त्याची स्वतःची अंशदायी हयगय, अर्थात अपघातास त्याचाही हातभार लागला हे म्हणणे. ते मान्य झाल्यास त्या प्रमाणात भरपाई कमी होते. येथे एक भेद नीट ध्यानी ठेवावयास हवा. कायद्याचा भंग करणे आणि अपघातास कारण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मोटारसायकलवर तिघे बसले असताना मागून मोटारगाडीने धडक दिली, अशा दिल्लीतील प्रकरणात उच्च न्यायालयाने दहा टक्के कपात केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दिकी प्रकरणात (२०२०) ती रद्द केली. तिघे बसल्यामुळेच धडक झाली किंवा हानी वाढली असे दाखविल्यावाचून कपात करता येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. केवळ चालविण्याचा परवाना नव्हता म्हणून हयगय गृहीत धरता येत नाही, हे सुधीरकुमार राणा प्रकरणात (२००८) सांगितले गेले आहे.

मागे बसलेल्या व्यक्तीची स्थिती याहून वेगळी. दोन्ही चालकांच्या दोषामुळे तिला इजा झाली असेल, तर तिच्यापुरती ती संयुक्त हयगय ठरते. आणि दोघांपैकी कोणाही एकाकडून संपूर्ण भरपाई मागण्याचा तिला अधिकार आहे, असे खेन्येई प्रकरणात (२०१५) ठरले. मोटारसायकल चालविणाऱ्या पतीचा दोष मागे बसलेल्या पत्नीच्या भरपाईतून वजा होत नाही. हा भेद ठाऊक नसल्यामुळे दोघांचा एकच अर्ज, एकाच हकिकतीवर, सरधोपटपणे केला जातो आणि पत्नीचा अधिक बळकट दावा पतीच्या दुबळ्या दाव्याबरोबर खाली ओढला जाण्याचा धोका उत्पन्न होतो.

भरपाई कोणी द्यावयाची

त्रयस्थ पक्षाचा विमा कलम १४६ अन्वये सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा व नव्या मोटारगाडीस तीन वर्षांचा असा विमा एकदम घ्यावा लागतो. खरी अडचण जुन्या वाहनांची. मोटार विकली, सह्या केलेले कागद हाती दिले, पण परिवहन कार्यालयात नाव बदलले नाही, अशा व्यवहारात जबाबदार कोण? नवीनकुमार प्रकरणात (२०१८) उत्तर मिळाले : ज्याचे नाव नोंदवहीत, तोच कायद्याने मालक. वाहन कित्येक हात फिरले असले तरी दायित्व त्याच्याकडेच येते.

मागे बसणाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. मोटारसायकलचा विमा केवळ कायद्याने सक्तीचा तेवढाच असेल, तर त्यात मागे बसलेली व्यक्ती येत नाही, असे तिलक सिंग प्रकरणात (२००६) ठरले. यास्तव अशा व्यक्तीस मोटारगाडीच्या विम्याकडेच वळावे लागते. मागून आणलेल्या मोटारसायकलचाही प्रश्न असाच. निंगम्मा प्रकरणात (२००९) उसनवार घेतलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून स्वार मरण पावला होता. उसनवार घेणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, म्हणून तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांस त्या मोटारसायकलच्या विम्यातून भरपाई मागता येत नाही, असा निर्णय झाला. आणि धडक देऊन पळालेल्या मोटारीचा शोधच लागला नाही, तर कलम १६१ खाली मृत्यूबद्दल दोन लाख व जबर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये एवढीच रक्कम मिळते. वाहनाचा क्रमांक कोणी टिपून ठेवला की नाही यावर किती अवलंबून असते, हे या आकड्यांवरून दिसेल.

हानीचे मोजमाप

कायम अपंगत्वाच्या प्रकरणात भरपाईचा मोठा भाग भावी कमाईच्या नुकसानीचा असतो. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निर्णयाने त्याची रीत घालून दिली. वैद्यकीय प्रमाणपत्रातील टक्केवारी ही शरीराची. न्यायाधिकरणाने शोधावयाची ती कमाईच्या क्षमतेतील घट. डावा हात गमावलेला सुतार किंवा वाहनचालक जवळजवळ सर्व कमाई गमावतो. तोच हात गमावलेला शासकीय कारकून कदाचित नोकरी टिकवून धरतो. ही घट दाखविण्यासाठी केवळ प्रमाणपत्र पुरेसे नसते. उपचार करणाऱ्या वैद्याची साक्ष लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊन हिशेब पाहता येईल. स्वार ३० वर्षांचा, कंत्राटी कामगार, महिना १५,००० रुपये कमावणारा आहे असे समजू. वार्षिक कमाई १,८०,०००. प्रणय सेठी प्रकरणातील घटनापीठाच्या निर्णयानुसार (२०१७) चाळिशीच्या आतील अशा व्यक्तीच्या कमाईत भावी वाढीसाठी ४० टक्के मिळवावयाचे. दुखापतीच्या दाव्यांसही हे लागू आहे, असे पप्पू देव यादव प्रकरणात (२०२०) सांगितले गेले. बेरीज २,५२,०००. सरला वर्मा प्रकरणातील (२००९) कोष्टकानुसार २६ ते ३० या वयास गुणक १७, गुणाकार ४२,८४,०००. कमाईतील घट ३० टक्के धरल्यास भरपाई १२,८५,२०० रुपये. तो ओझी उचलण्याचे काम करीत होता व आता करू शकत नाही, हे सिद्ध होऊन घट ५० टक्के धरली गेली तर २१,४२,००० रुपये. उलटपक्षी कमाईचा पुरावा नाही म्हणून महिना १०,००० रुपयेच मान्य झाले आणि घट ३० टक्के राहिली तर ८,५६,८०० रुपये. त्यातून मोघम पंचनाम्यामुळे २५ टक्के अंशदायी हयगय लादली गेली तर ६,४२,६०० रुपये. पाय तोच, धडक तीच. अंतर सुमारे पंधरा लाखांचे. वैद्यकीय खर्च, वेदना व सुखसोयींची हानी यांबद्दलच्या रकमा याशिवाय.

कमाईचा पुरावा हा ग्रामीण दाव्यातील सर्वांत कच्चा दुवा होय. जमीन अपघातानंतरही राहते, म्हणून शेतकऱ्याचे नुकसान हे पिकाच्या उत्पन्नाएवढे नसून त्याच्या श्रमाचे व देखरेखीचे असते, हा विचार जसबीर कौर प्रकरणात (२००३) मांडला गेला. तेव्हा सातबारा उतारा एकटा पुरत नाही. दूध संस्थेच्या देयकांच्या चिठ्ठ्या, बँकेचे पासबुक, कंत्राटदाराकडील भविष्यनिर्वाह निधीची नोंद यांची जोड लागते. वेतनाचा दाखला नसेल तर किमान वेतन हाच एकमेव मापदंड नव्हे, असे चंद्रा प्रकरणात (२०२१) न्यायालयाने बजावले. आणि गृहिणीच्या श्रमासही मोल आहे, हे त्याच वर्षी कीर्ती प्रकरणात पुन्हा अधोरेखित झाले.

मुदत आणि घाईची किंमत

पुराव्याची विषमता दूर करण्याचा सर्वांत स्पष्ट प्रयत्न कलम १५९ व १६६ यांत दिसतो. पोलिसांनी तीन महिन्यांत अपघात माहिती अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आणि न्यायाधिकरणाने तोच भरपाईचा अर्ज मानावयाचा. २०२२ च्या नियमांनुसार पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत व सविस्तर अहवाल ९० दिवसांत अपेक्षित आहे. गोहर मोहम्मद प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. म्हणजे जखमीने खाटेवरून उठून पुरावा गोळा करावा अशी अपेक्षा कायदा आता करीत नाही.

परंतु त्याच दुरुस्तीने अर्जास सहा महिन्यांची मुदत घातली. १९९४ साली काढून टाकलेली मुदतीची अट अशा रीतीने परत आली असून तिच्या वैधतेस सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. हाड सांधण्यास, पुन्हा शस्त्रक्रिया होण्यास आणि अपंगत्व स्थिर होण्यास अनेकदा सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो, हे लक्षात घेता या वादाचे महत्त्व कळेल. दुसरी गोष्ट घाईची. कलम १४९ नुसार विमा कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने तीस दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव द्यावयाचा असतो. या मार्गाने कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपुष्टात येतो. कर्ज काढून रुग्णालयाचे देयक भागविणाऱ्या कुटुंबास अडीच लाखांची रक्कम ताबडतोब हवीशी वाटणे स्वाभाविक आहे. वरील उदाहरणातील स्वाराने ती स्वीकारली तर तो किती रकमेवर पाणी सोडतो, हे हिशेबावरून स्पष्टच आहे.

यावरून अभ्यासाची एक दिशा सुचते. न्यायाधिकरणांच्या निवाड्यांचा अभ्यास बहुधा तत्त्वांच्या अंगाने होतो. कोणत्या निर्णयाने कोणता गुणक ठरविला, एवढ्यावर तो थांबतो. शिरूर व दौंड या दोन तालुक्यांतील अपघातांचे निवाडे त्यांच्या मूळ पंचनाम्यांशी, रुग्णालयातील पहिल्या नोंदीशी आणि पोलिसांच्या ९० दिवसांच्या अहवालाशी ताडून पाहिले, तर तत्त्व आणि रक्कम यांच्यामधील हरवलेला दुवा हाती लागण्याचा संभव आहे. न्यायाधिकरण हयगयीचा निर्णय देते तेव्हा बहुतेक वेळा ते एका पोलीस हवालदाराने, रस्त्याच्या कडेला, दोन पंचांसमक्ष लिहिलेल्या पानाचे वाचन करीत असते. ते पान कसे लिहिले जाते, हा प्रश्न विधिशास्त्राच्या अभ्यासकास क्षुल्लक वाटू नये. पारगावच्या पुलापलीकडील एखाद्या कुटुंबाचा पुढील वीस वर्षांचा उदरनिर्वाह त्या पानावर ठरलेला असतो.